क्रीडमूरला मी फॅड म्हणत होतो

अमेरिकेत हरणांचा हंगाम जवळ आला की बंदुकांच्या दुकानात एक वाद हमखास रंगतो: 6.5 क्रीडमूर हे काडतूस खरंच गुणाचं आहे, की नुसतं फॅड? कोलोरॅडोत शिकार करायला लागलो तेव्हापासून या वादात मी एकाच बाजूला होतो. फॅड. महाराष्ट्र मंडळाच्या सहलीत एखादा तरुण विचारायचा, ‘काका, पहिली रायफल कुठली घेऊ?’ मी .308 विंचेस्टर नाहीतर .30-06 सांगायचो, आणि क्रीडमूरचं नाव निघालं की विषय तिथेच मिटवायचो. हल्ली मी वेगळं उत्तर देतो. हे मत एका रात्रीत पालटलं नाही. एकेक कारण पटत गेलं, आणि काही बाबतींत ते अजूनही जागचं हललेलं नाही. दोन्ही गोष्टी लिहून ठेवाव्यात असं वाटलं.

शिकारीचं नाव काढलं की आपल्याकडची बरीच मंडळी अवघडतात, म्हणून आधी थोडं सांगतो. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हा विषय संपला आणि ते योग्यच झालं. इथली व्यवस्था निराळी आहे. कुठल्या भागात किती जनावरं मारायची हे राज्याचं वन्यजीव खातं दरवर्षी ठरवतं आणि पुष्कळसे परवाने सोडतीने देतं. 1 जानेवारी 1949 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या कुणालाही शिकारीचा अभ्यासक्रम पुरा केल्याशिवाय सहसा परवाना मिळत नाही. मारलेलं मांस आम्ही घरी खातो. जनावर पहिल्या गोळीला, क्षणात पडलं पाहिजे, एवढा एकच नियम मी देवाधर्मासारखा पाळतो. काडतुसाचा वाद माझ्यासाठी पोरखेळ नाही तो यामुळेच. चुकीच्या जागी लागलेल्या गोळीची किंमत दुसराच जीव मोजतो.

आता माझा अविश्वास. तो हवेतून आलेला नव्हता. बंदुकीच्या धंद्यात दर दोन-चार वर्षांनी एक नवं काडतूस येतं आणि जुनं सगळं कालबाह्य झालं अशी दवंडी पिटली जाते. 2001 पासून विंचेस्टरच्या आखूड, जाड्या ‘शॉर्ट मॅग्नम’ काडतुसांचा बोलबाला सुरू झाला. त्यांतलं .300 चांगलं तगलं. रेमिंग्टनने त्याच सुमारास आपली आखूड ‘अल्ट्रा मॅग’ आणली, ती बघता बघता मागे पडली. 2003 मध्ये विंचेस्टरने आणखी आखूड ‘सुपर शॉर्ट मॅग्नम’ काढली. ज्यांनी हौसेने त्या रायफली घेतल्या, ते आज काडतुसांसाठी दुकानं पालथी घालतात. 2007 साली .30 टीसी नावाचं एक काडतूस आलं, ते कुणाला आठवतही नाही.

शिवाय साडेसहा मिलिमीटरची गोळी ही काही नवलाई नव्हे. स्वीडन आणि नॉर्वे यांनी 6.5×55 हे काडतूस 1894 मध्ये ठरवलं आणि स्वीडनमध्ये त्याने पिढ्यान् पिढ्या मूससारखी मोठी जनावरं पडत आली आहेत. जिम कॉर्बेटला चंपावतच्या नरभक्षक वाघिणीच्या शिकारीनंतर 1907 साली जी .275 रिग्बी भेट मिळाली, तिचं काडतूस म्हणजे 1890 च्या दशकातलं 7×57 माउझर. त्याचीही गोळी अशीच सडसडीत आणि त्याचाही धक्का सौम्य. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवलं, ते ज्या .22 लाँग रायफल काडतुसावर, ते 1887 सालचं. मग मी म्हणायचो, नेम हाताचा असतो, काडतुसाचा नसतो. आमच्या सिंधुदुर्गात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक घेऊन माणसं रात्र रात्र बागेची राखण करतात. त्यांच्यात वाढलेल्या माणसाला हे वाक्य सहज पटतं. ते खरंही आहे, फक्त अर्धं.

उरलेलं अर्धं कळायला मला क्रीडमूरचा जन्म नीट वाचावा लागला. 2005 साली ओहायोतल्या कॅम्प पेरीला, ईरी सरोवराच्या काठी, राष्ट्रीय नेमबाजी स्पर्धा चालू होत्या. डेनिस डीमिल हे मरीन कोअरमधून आलेले राष्ट्रीय विजेते आणि हॉर्नडी या गोळ्या बनवणाऱ्या कंपनीचे बॅलिस्टिक्सतज्ज्ञ डेव्ह एमरी तिथे भेटले. डीमिल वैतागलेले होते. स्पर्धेतली चांगली काडतुसं घरी हाताने भरावी लागत, ज्याचं त्याचं माप निराळं, आणि एकाचं माप दुसऱ्याच्या रायफलीत घातक ठरत असे. एमरींनी त्यांना विचारलं की तुम्हाला नेमकं काय हवंय. डीमिल यांची यादी अगदी व्यवहारी होती. काडतूस नेहमीच्या मॅगझिनमध्ये मावावं. धक्का कमी असावा. दारू बाजारात सहज मिळणारी असावी. कारखान्यात भरलेलं काडतूसही स्पर्धेत चालावं. आणि भरण्याचं माप खोक्यावरच छापलेलं असावं. 2007 साली हॉर्नडीने ते बाजारात आणलं आणि पहिल्या खोक्यांवर खरोखरच माप छापलं. त्याची पितळी केस ज्या काडतुसावरून घेतली, ते म्हणजे वर सांगितलेलं, विस्मरणात गेलेलं .30 टीसी.

या यादीत ‘जास्त वेग’ कुठेच नाही, हे वाचताना माझ्या लक्षात आलं. तोपर्यंत माझ्या पाहण्यातलं प्रत्येक नवं काडतूस वेगाच्या बढाईवर विकलं जात होतं. क्रीडमूरची 140 ग्रेनची गोळी, म्हणजे 9 ग्रॅमची, सेकंदाला साधारण 2700 फुटांनी सुटते. हा वेग विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाही कुणाला थक्क करणारा नव्हता.

मग मी एक काम केलं. .260 रेमिंग्टनचं एक काडतूस मित्राकडून आणलं आणि क्रीडमूरशेजारी टेबलावर उभं केलं. दोन्हींतली गोळी त्याच व्यासाची, वेग जवळजवळ तोच. .260 आलं 1997 मध्ये, क्रीडमूरच्या दहा वर्षं आधी. तरी एकाचं नाव जगभर झालं आणि दुसरं हौशी लोकांपुरतं उरलं. आतापर्यंत मी हेच उदाहरण जाहिरातीच्या जोरावर फॅड कसं जिंकतं, हे दाखवायला वापरत होतो. पण कॅलिपर लावून पाहिलं तर केसच्या लांबीत फरक निघाला: .260 ची केस 2.035 इंच, क्रीडमूरची 1.920. तीन मिलिमीटरही नाही.

या तीन मिलिमीटरांत सगळी मेख आहे. आखूड ॲक्शनच्या, म्हणजे काडतूस आत सरकवणारी यंत्रणा आखूड असलेल्या, रायफलीचं मॅगझिन साधारण 2.8 इंचांचं काडतूस घेतं. वाऱ्याला दाद न देणारी गोळी लांब आणि निमुळती असावी लागते. केस लांब असेल तर अशा गोळीचं नाक मॅगझिनमध्ये बसवण्यासाठी तिची शेपटी दारूच्या जागेत खोल ढकलावी लागते, नाहीतर आखूड गोळीवर भागवावं लागतं. क्रीडमूरने केस आखूड करून नाकाला जागा ठेवली. दुसरी गोष्ट पिळाची. नळीच्या आतल्या खाचा गोळीला गिरकी देतात, आणि गोळी जितकी लांब तितकी गिरकी वेगाची लागते. .260 च्या सुरुवातीच्या पुष्कळ रायफलींत 9 इंचांना एक वेढा होता. क्रीडमूरला पहिल्यापासून 8 इंचांचा पीळ ठरवून दिला गेला, त्यामुळे कुठल्याही कंपनीची रायफल घेतली तरी लांब गोळी तिच्यात स्थिर उडते.

पिळाने काडतुसं कशी मरतात याचं जुनं उदाहरणही मग नव्याने समजलं. 1955 साली दोन जुळी काडतुसं आली, .243 विंचेस्टर आणि .244 रेमिंग्टन. केस रेमिंग्टनची किंचित मोठी, म्हणजे कागदावर ते सरस. पण रेमिंग्टनने नळीला 12 इंचांचा पीळ दिला, विंचेस्टरने 10 इंचांचा. हरणांसाठी लोकांना 100 ग्रेनची गोळी हवी होती आणि ती रेमिंग्टनच्या नळीत भरवशाने स्थिर होत नव्हती. 1963 मध्ये रेमिंग्टनने पीळ सुधारून तेच काडतूस 6 मिलिमीटर रेमिंग्टन या नावाने पुन्हा आणलं, पण बाजार हातचा गेला तो गेलाच. .243 आजही प्रत्येक दुकानात आहे. हा निकाल फॅशनने लावलेला नाही. गोळी, केस, पीळ आणि मॅगझिन यांचा मेळ ज्याने आधी बसवला तो टिकला.

आता वारा. कोलोरॅडोचा पूर्व भाग म्हणजे उघडं माळरान, झाड नाही, आडोसा नाही, आणि वारा क्वचितच थांबतो. तिथे ऑक्टोबरात प्रॉन्गहॉर्न या हरणासारख्या जनावराची शिकार असते. प्रॉन्गहॉर्नच्या छातीतला मर्माचा भाग जेमतेम आठ-नऊ इंचांचा. ताशी 10 मैलांचा आडवा वारा तिथे शांत दिवस समजला जातो. एवढ्या वाऱ्यात .308 ची साधी मऊ टोकाची 150 ग्रेनची गोळी 300 यार्डांवर साधारण 10 इंच ढळते. क्रीडमूरची 143 ग्रेनची लांब गोळी 5 इंच. वाऱ्याचा अंदाज अर्ध्याने चुकला तर क्रीडमूरची गोळी छातीतच राहते, तर .308 ची छातीच्या कडेला, पोटाशी जाते. पोटात गोळी लागलेलं जनावर मैलोन् मैल चालत राहतं. ज्याने ते पाहिलंय त्याला हे पाच इंच आकडा म्हणून वाचता येत नाहीत.

इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, नाहीतर मी दुसऱ्या टोकाला गेलो असं होईल. .308 मध्येही आधुनिक, निमुळती 178 ग्रेनची गोळी भरली तर 300 यार्डांवरचं तिचं ढळणं सहा-सव्वासहा इंचांवर येतं. म्हणजे फरक उरतो इंचभराचा. क्रीडमूरच्या नावावर जमा झालेलं बरंचसं पुण्य खरं तर गोळीचं आहे. दुकानातला विक्रेता हे सांगत नाही.

त्यामुळे नुसत्या वाऱ्याच्या कोष्टकाने माझं मत पालटलं नसतं. ते पालटलं धक्क्याने. आठ पौंडांच्या रायफलीत .30-06 चा धक्का साधारण 20 फूट-पाउंडांचा असतो, क्रीडमूरचा 13 च्या आसपास. मला 20 फूट-पाउंड जड जात नाहीत असं मी मानत होतो, आणि खांद्याला खरंच जात नव्हते. मग आमच्या रेंजवरच्या एका वयस्क शिकाऱ्याने माझी परीक्षा घेतली. पद्धत जुनीच आहे. रायफल तो भरणार, आणि मॅगझिनमध्ये खऱ्या काडतुसांत एखादं पोकळ, दारू नसलेलं काडतूस मिसळणार. कधी कुठलं येईल हे नेमबाजाला ठाऊक नाही. माझी .30-06 त्याने भरून दिली. मी श्वास सोडला, चाप दाबला, नुसतं ‘टक्’ वाजलं, आणि त्या शांततेत नळीचं टोक खाली बुचकळताना मी स्कोपमधून पाहिलं. खऱ्या गोळीच्या आवाजात ते बुचकळणं कायम लपून राहिलं होतं. डोळा, खांदा आणि बोट धक्क्याची आधीच तयारी करत होते. तीच परीक्षा त्याने क्रीडमूरवर घेतली. पोकळ काडतुसावर ‘टक्’ वाजलं आणि क्रॉसहेअर जागच्या जागी राहिले.

नेम हाताचा असतो हे माझं वाक्य इथे पुरतं उलटं फिरलं. नेम हाताचाच असतो, आणि म्हणूनच हाताला बिचकवणारं काडतूस नेम बिघडवतं. कुसाळेच्या .22 ला धक्का जवळजवळ नसतोच. माझंच उदाहरण माझ्याविरुद्ध साक्ष देत होतं, आणि ते मी नीट ऐकलं नव्हतं.

धक्का कमी असण्याचा आणखी एक फायदा माझ्या लेकीमुळे दिसला. ती कॉलेजात असताना माझ्याबरोबर माळावर यायला लागली आणि तिने पहिल्यापासून क्रीडमूरच घेतली. गोळी सुटल्यावरही तिचा स्कोप लक्ष्यावरून हलत नाही. गोळी कुठे लागली हे ती स्वतः पाहते, मला विचारावं लागत नाही. .30-06 मध्ये त्या क्षणी मला आभाळ दिसतं. जनावर पडलं, अडखळलं की नुसतं दचकलं, हे त्या पहिल्या सेकंदात दिसलं तर दुसरी गोळी लगेच आणि योग्य जागी जाते. माणुसकीच्या दृष्टीने हा गुण मला वेगाच्या कितीतरी वर वाटतो.

शेवटचा धक्का काडतुसाच्या टंचाईने दिला. 2020-21 मध्ये महासाथीच्या काळात अमेरिकेतली दुकानं रिकामी झाली. तेव्हा .260 सारखी काडतुसं बाळगणाऱ्या माझ्या ओळखीच्या लोकांना हंगाम हातातून जाताना बघावा लागला. कारखाने आधी जास्त खपाची काडतुसं भरतात. क्रीडमूर पुन्हा फळीवर दिसायला लागलं तेव्हाही ते .260 ची वाट पाहत होते. लोकप्रियता आणि गुणवत्ता या दोन वेगळ्या गोष्टी असं मी आयुष्यभर मानत आलो. पुस्तकाबद्दल, गाण्याबद्दल मी आजही तसंच म्हणेन. काडतुसाबद्दल नाही. ज्या काडतुसाला सगळ्या कंपन्या रायफली बनवतात, ज्याच्या डझनभर तऱ्हेच्या गोळ्या गावातल्या दुकानात मिळतात, त्याचा मालक जास्त सराव करतो आणि हंगामात अडत नाही. .260 मध्ये गुण होते, पण ते रुजले नाहीत. क्रीडमूरची लाट आली म्हणूनच साडेसहाच्या गोळीचे गुण सामान्य शिकाऱ्याच्या हातात पोचले. लाटेचा मला राग होता. आज तिचे आभार मानावेसे वाटतात.

ज्या मैदानावरून हे नाव आलं, ते न्यूयॉर्कजवळचं क्रीडमूर रेंज 1873 मध्ये सुरू झालं. पुढच्याच वर्षी तिथे अमेरिका आणि आयर्लंड यांची लांब पल्ल्याची लढत झाली. आयरिश संघ ठासणीच्या रिग्बी रायफलींवर, अमेरिकन संघ मागून भरायच्या रेमिंग्टन आणि शार्प्सवर. मागून भरायची बंदूक लांब पल्ल्याला खरंच चालते की नाही, हाच तेव्हाचा वाद. अमेरिकेने 934 विरुद्ध 931 अशी बाजी मारली, पण एका आयरिश नेमबाजाची एक गोळी चुकून भलत्याच लक्ष्यावर लागली होती. ती योग्य लक्ष्यावर लागली असती तर निकाल फिरला असता. म्हणजे त्या लढतीने काही सिद्ध झालं असं म्हणता येत नाही. तो प्रश्न पुढच्या काळात रोजच्या वापराने सोडवला. क्रीडमूर काडतुसाचंही तसंच झालं. अमेरिकेच्या स्पेशल ऑपरेशन्स कमांडने 2018 साली ते निवडल्याचं जाहीर झालं तेव्हा दुकानदारांनी त्याचा डंका पिटला, पण माझ्यावर त्याचा परिणाम झाला नाही. वर्षानुवर्षं माळावर आणि रेंजवर जे पाहिलं त्याचा झाला.

माझं जे मत अजून तसंच आहे, तेही सांगतो. क्रीडमूरने 600-700 यार्डांवरून जनावर टिपता येतं, असं जे पसरवलं जातं ते मला तेव्हाही मान्य नव्हतं, आजही नाही. 600 यार्डांना या गोळीला साधारण 0.8 सेकंद लागतात. तेवढ्यात चरणारं हरीण एक पाऊल पुढे टाकतं आणि छातीवर धरलेली गोळी पोटात जाते. इथे ना पीळ कामाला येतो, ना लांब गोळी. पोलादी पाटीवर हवा तेवढा लांब नेम धरावा, पाटीला जीव नसतो. एल्कबद्दलही मी सावध आहे. कोलोरॅडोच्या नियमाप्रमाणे एल्कला किमान .24 कॅलिबर आणि 85 ग्रेनची गोळी लागते, त्यात क्रीडमूर आरामात बसतं, आणि माझ्या ओळखीचे लोक त्याने एल्क मारतात. जवळून, नेमक्या कोनात ते पुरतं. पण मोठ्या नराचं हाड आडवं आलं तर मला .30-06 हातात असलेली बरी वाटते आणि एल्कला मी तीच नेतो, धक्का सहन करण्याचा सराव करून.

आणि नवनवी काडतुसं येतच आहेत. हॉर्नडीने 2018 मध्ये 6.5 पीआरसी आणलं, 2022 मध्ये 7 पीआरसी. त्यांतलं कुठलं टिकेल ते दहा वर्षांनी दुकानाची फळीच सांगेल. तोवर मी थांबणार.

तर जे मला विचारतात त्यांना माझं आजचं उत्तर असं. तुमच्याकडे .308 असेल तर ती विकू नका, तिच्यासाठी चांगली निमुळती गोळी घ्या. पहिलीच रायफल घेत असाल, हरणांसाठी आणि सरावासाठी, तर निःशंक मनाने 6.5 क्रीडमूर घ्या. महागड्या स्कोपवर जाणारे थोडे पैसे काडतुसांकडे वळवा आणि हंगामाआधी ती रेंजवर संपवा. एखाद्या अनुभवी माणसाकडून पोकळ काडतुसाची परीक्षा एकदा अवश्य करून घ्या. जनावरावर 300 यार्डांपलीकडे चाप दाबू नका. आणि गवत आडवं होत असेल, वाऱ्याचा अंदाज येत नसेल, तर रायफल खाली ठेवा. प्रॉन्गहॉर्न उद्याही तिथेच चरत असेल.